गोळी सुरू झाली आणि पाय सुजले

एरवी माणूस डॉक्टरकडे जातो तो काहीतरी दुखतंय-खुपतंय म्हणून. औषधानं आराम पडला की त्याचा औषधावर विश्वास बसतो. रक्तदाबात हा सगळा व्यवहार उलटा आहे. विम्याच्या तपासणीत, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी किंवा सोसायटीतल्या आरोग्य शिबिरात कुणीतरी दंडाला पट्टा बांधतं, 168/102 असा आकडा येतो आणि धडधाकट माणूस पेशंट होतो. त्या दिवशी त्याला काहीच होत नसतं. होऊ लागतं ते गोळी सुरू झाल्यावर. पाय सुजतात, खोकल्याची ढास लागते, अंथरुणातून उठल्यावर गरगरतं, पुन्हापुन्हा लघवीला जावं लागतं. आजारानं जो त्रास दिला नाही तो औषधानं दिला, असा त्याचा हिशेब असतो आणि त्याच्या अनुभवापुरता तो खराही असतो.

याच हिशेबानं असंख्य गोळ्या महिन्या-दोन महिन्यांत बंद होतात. बहुतेकदा डॉक्टरांना न सांगता. 'बीपीची गोळी मला सोसत नाही' एवढंच घरात जाहीर होतं आणि विषय संपतो. पण 'बीपीची गोळी' अशी एकच वस्तू नाही. दाब उतरवण्याच्या चार-पाच निरनिराळ्या वाटा आहेत, आणि प्रत्येक वाटेवर भेटणारा त्रास वेगळा आहे. आपली गोळी कोणत्या वाटेनं जाते हे कळलं, तर होणारा त्रास तिचाच आहे का, तो सोसायचा की तातडीनं सांगायचा, आणि बदलून कोणती गोळी मागायची, हे बऱ्याच अंशी उमगतं.

आधी आकडा खरा हवा

हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतं तेव्हा धमनीच्या भिंतीवर येणारा दाब म्हणजे वरचा आकडा; दोन ठोक्यांच्या मध्ये उरणारा दाब म्हणजे खालचा. भारतात 140/90 किंवा त्याहून वरचा आकडा वेगवेगळ्या दिवशी पुन्हापुन्हा आला, तर उच्च रक्तदाबाचं निदान करतात. घरी शांतपणे मोजलेल्या दाबासाठी ही रेघ 135/85 वर धरतात. अमेरिकी हृदयतज्ज्ञांनी 2017 मध्ये ती 130/80 वर आणली, म्हणून इंटरनेटवर वाचलेला आकडा आणि फॅमिली डॉक्टरांनी सांगितलेला आकडा कधीकधी जुळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत शंभरांमागे 24 आणि स्त्रियांत 21 जणांचा दाब जास्त होता किंवा तो आटोक्यात ठेवायला ते औषध घेत होते.

मोजणी चुकली की पुढचं सगळंच चुकतं. जिना चढून आल्या आल्या, शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधून, गप्पा मारत घेतलेला आकडा सहज दहा-पंधरानं जास्त येतो. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी आकडा फुगतो. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, विडी नको. लघवी करून यावं. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं, उघडा दंड हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवावा, आणि एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजावं. फुगलेल्या आकड्यावर डोस वाढवला, तर नंतर येणारी चक्कर ही खरं तर त्या मोजणीची चक्कर असते.

गोळ्या नव्हत्या तेव्हा

आजच्या गोळ्यांबद्दल तक्रार करण्याआधी त्या नसतानाचा काळ पाहायला हवा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मार्च 1944 मध्ये हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी तपासलं तेव्हा दाब 186/108 होता. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाला देण्यासारखं ब्रुएन यांच्याकडे फार थोडं होतं: विश्रांती, कमी मीठ, झोपेसाठी फेनोबार्बिटल आणि थकलेल्या हृदयासाठी डिजिटॅलिस. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट कोसळले. त्या दुपारी नोंदलेला दाब होता 300/190.

त्या काळातले जालीम उपाय आजारापेक्षा भयंकर होते. पाठीच्या कण्यालगतच्या चेतातंतूंच्या साखळ्या शस्त्रक्रियेनं कापून टाकत. दाब उतरे, पण तो माणूस उभा राहिला की भोवळ येऊन पडे. जर्मनीतून अमेरिकेत आलेले डॉ. वॉल्टर केम्पनर रुग्णांना केवळ भात, फळं आणि साखरेवर ठेवत. मीठ जवळजवळ शून्य. काहींचा दाब खरोखर उतरला, पण असं जेवण महिनोन्‌महिने जेवणार कोण? त्यानंतर आलेल्या हेक्सामेथोनियम या औषधानं तोंड कोरडं पडायचं, डोळ्यांपुढे अंधुक व्हायचं, बद्धकोष्ठता आणि नपुंसकता यायची. ज्याचा दाब इतका चढलाय की दृष्टी आणि मूत्रपिंडं निकामी होताहेत, त्यालाच हे सगळं सोसण्यात अर्थ होता.

सोसवेल अशा पहिल्या औषधांपैकी एक मुंबईमार्गे जगाला मिळालं. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वैद्य शतकानुशतकं वापरत आलेले. 1931 मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यानं रक्तदाब उतरतो आणि वेडाचे झटके शमतात असं लिहिलं. मुंबईचे हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रुग्णांवर पद्धतशीर अभ्यास करून 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध छापला, तेव्हा पश्चिमेकडच्या डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं. 1952 मध्ये स्विस कंपनी सिबाच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसरपिन वेगळं केलं. 1957 मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसरपिन चेतातंतूंच्या टोकांशी साठलेला नॉरअॅड्रिनलिनचा साठा रिकामा करतं. रक्तवाहिन्यांना आवळायचा हुकूम देणारं रसायनच संपलं की त्या सैलावतात आणि दाब उतरतो. पण हेच रसायन नाकातल्या बारीक रक्तवाहिन्याही आवळून धरतं, म्हणून रेसरपिन घेणाऱ्यांचं नाक चोंदायचं. मेंदूतले साठेही रिकामे व्हायचे, म्हणून गुंगी यायची. मोठ्या डोसवर काही जण खिन्न झाल्याच्या नोंदी आहेत. त्या खिन्नतेचा दोष रेसरपिनकडे किती, यावर आज वाद आहे. पण मेंदूतली रसायनं आणि नैराश्य यांचा संबंध लावण्याची विचारधारा त्या नोंदींमधूनही पुढे सरकली. या एका गोळीत पुढच्या सगळ्या गोळ्यांची गोष्ट आहे. ज्या किल्लीनं दाब उतरतो, ती किल्ली शरीरात इतरत्रही कुलपं उघडते.

नावाचं शेपूट बघा

पाकिटावरची ठळक अक्षरं कंपनीनं दिलेल्या नावाची असतात. त्याखाली बारीक टाइपात औषधाचं मूळ नाव असतं. वाचायचं ते हे, आणि त्यातलंही शेपूट: डिपिन, प्रिल, सार्टन, लोल. भारतात दोन-तीन औषधं एकाच गोळीत देण्याची पद्धत मोठी आहे. नावापुढे 'एएम' असेल तर बहुधा त्यात अॅम्लोडिपिन मिसळलेलं असतं, 'एच' असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, 'सीटी' असेल तर क्लोरथॅलिडोन. म्हणजे 'मी एकच गोळी घेतो' म्हणणारा माणूस प्रत्यक्षात तीन औषधं घेत असू शकतो.

डिपिन. अॅम्लोडिपिन आपल्याकडे घरोघरी आहे. धमन्यांच्या भिंतींतल्या स्नायूंना आवळायला कॅल्शियम लागतं. हे औषध ते आत शिरू देत नाही, म्हणून नळी रुंद होते. अडचण अशी की केशवाहिन्यांत रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या रुंदावतात, पण तिथून रक्त नेणाऱ्या शिरा तेवढ्या रुंदावत नाहीत. आवक वाढली, जावक तीच. केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी आजूबाजूला झिरपतं. ते दिवसभरात खाली उतरतं. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबून उचललं तर खळगा राहतो, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उमटतो, सकाळी चप्पल नीट बसते आणि रात्री घट्ट होते.

ही सूज पाहून घरातले 'किडनी गेली' म्हणून घाबरतात. या सुजेत शरीरात पाणी वाढलेलं नसतं, ते चुकीच्या जागी झिरपलेलं असतं. म्हणूनच लघवी वाढवणाऱ्या गोळीनं ती फारशी ओसरत नाही. 10 मिलिग्रॅमवर ती 5 पेक्षा पुष्कळ जास्त दिसते, म्हणून डोस निम्मा करणं हा पहिला उपाय. सोबत सार्टन दिलं तर ते शिराही थोड्या मोकळ्या करतं आणि सूज उतरते. सिल्निडिपिननं सूज कमी येते, म्हणून आपल्याकडे अनेक डॉक्टर ते देतात. मात्र एकाच पायाला दुखरी सूज असेल किंवा सुजेबरोबर दम लागत असेल, तर दोष गोळीवर ढकलून बसू नये, लगेच दाखवावं.

प्रिल. या कुळाचं मूळ सापाच्या विषात आहे. ब्राझीलमधला जराराका हा विषारी साप चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. तिथल्या मॉरिसिओ रोचा ए सिल्वा यांना 1940च्या दशकाच्या अखेरीस त्या विषाचा अभ्यास करताना शरीरातलं ब्रॅडिकायनिन हे रसायन सापडलं. त्यांचे शिष्य सर्जिओ फेरेरा यांनी पुढे दाखवलं की विषातला एक घटक ब्रॅडिकायनिनचा नाश होऊ देत नाही. ते हा घटक घेऊन लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. त्या धाग्यावरून स्क्विब कंपनीच्या डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेटी यांनी कॅप्टोप्रिल घडवलं, ते 1981 मध्ये अमेरिकेत मान्य झालं. एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही त्याचीच भावंडं.

ही औषधं ज्या विकराला अडवतात तो दोन कामं करतो: रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन तयार करणं आणि ब्रॅडिकायनिन मोडणं. विकर अडला की पहिलं काम थांबून दाब उतरतो. दुसरं थांबून ब्रॅडिकायनिन साठतं आणि श्वासमार्गाला चाळवतं. म्हणून कोरडा, कफ नसलेला, घशात खवखवणारा खोकला. तो गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनीही येतो, त्यामुळे गोळीशी त्याचा संबंध लागत नाही. खोकल्याच्या बाटल्या संपतात, छातीचा एक्स-रे निघतो, टीबीची तपासणी होते, आणि गुन्हेगार सकाळच्या चहाबरोबर रोज पोटात जात असतो. गोळी थांबवली की साधारण एक ते चार आठवड्यांत खोकला जातो. याच कारणानं क्वचित ओठ, जीभ किंवा घसा सुजतो. ती तातडीची वेळ: गोळी बंद करून थेट हॉस्पिटल, आणि ते औषध पुन्हा कधीही नाही.

सार्टन. लोसार्टन, टेल्मिसार्टन त्या विकराला हात लावत नाहीत, अँजिओटेन्सिन जिथे जाऊन चिकटतं ती जागाच अडवतात. म्हणून खोकला जवळजवळ नाही. पण प्रिल आणि सार्टन दोन्ही मूत्रपिंडातला दाब उतरवतात आणि पोटॅशियम अडवून ठेवतात. गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगतात ते यासाठी. क्रिएटिनिन किंचित वाढणं अपेक्षित असतं. तीस टक्क्यांहून जास्त वाढलं तर डॉक्टर फेरविचार करतात. कमी सोडियमच्या मिठात सोडियमऐवजी काही भाग पोटॅशियम असतं. चीनमधल्या 600 खेड्यांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठानं पक्षाघात 14 टक्क्यांनी घटले. पण मूत्रपिंड अधू असलेल्या, सार्टन घेणाऱ्या माणसानं ते डॉक्टरांना न विचारता सुरू करणं धोक्याचं. आणि सैंधव निर्धोक समजून सढळ हातानं घालणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. प्रिल आणि सार्टन गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा करतात, त्यामुळे मूल हवं असं ठरवतानाच गोळी बदलून घ्यायला हवी. गरोदरपणासाठी लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि जुनं मिथिलडोपा आहे.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. 1958 मध्ये अमेरिकेत आलेल्या क्लोरोथायझाइडपासून हे घराणं सुरू झालं आणि स्वस्त, परिणामकारक म्हणून आजही टिकून आहे. या गोळ्या मीठ आणि त्यामागोमाग पाणी बाहेर काढतात. त्याबरोबर पोटॅशियम जातं, म्हणून पोटऱ्यांत गोळे येतात. यूरिक अॅसिड मात्र साठतं, म्हणून एखाद्याचा पायाचा अंगठा रात्रीत लाल होऊन ठणकतो. साखर थोडी वाढू शकते. सर्वांत फसवा त्रास सोडियम उतरण्याचा. सडपातळ, वयस्कर बाईंना गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांत मळमळतं, तोल जातो, त्या असंबद्ध बोलू लागतात. घरचे म्हणतात, वय झालं. रक्तातलं सोडियम मोजलं की उलगडा होतो. ही गोळी सकाळी घ्यावी, म्हणजे रात्रीची झोपमोड टळते.

लोल. इंग्लंडमध्ये जेम्स ब्लॅक यांनी 1960च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल घडवलं आणि 1988 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल त्याच वंशातली. ती अॅड्रिनलिनला हृदयापाशी अडवतात. नाडी मंदावते, म्हणून थकवा येतो, जिना चढताना पाय जड होतात, हात गार पडतात. दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळू शकतात. मधुमेह्याची साखर एकदम उतरली तर धडधड होऊन मिळणारी सूचना ही गोळी दाबून टाकते. आणि ती अचानक थांबवायची नाही: अडवून धरलेली यंत्रणा उसळी घेते, छातीत दुखतं, झटकाही येऊ शकतो. रक्तदाबाच्याच क्लोनिडिन या औषधाचंही तसंच.

मिनॉक्सिडिलची गोष्ट गमतीची. बाकी औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबासाठी ते देत, तेव्हा रुग्णांच्या तोंडावर केस उगवू लागले. 1988 पासून अमेरिकेत तेच औषध टकलावर लावायला विकलं जाऊ लागलं.

धास्तीचा वाटा

प्रत्येक त्रास गोळीतल्या रसायनानंच होतो असं नाही. इटलीत 2003 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात हृदयविकार असलेल्या पुरुषांना अॅटेनोलॉल दिलं. ज्यांना औषधाचं नावही सांगितलं नव्हतं त्यांच्यापैकी सुमारे 3 टक्क्यांनी लैंगिक दुर्बलतेची तक्रार केली. ज्यांना नाव सांगितलं होतं त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 16 टक्के होतं. ज्यांना 'यानं अशी अडचण येऊ शकते' हेही सांगितलं होतं त्यांच्यात 31 टक्के. औषध तेच. तक्रार खोटी नव्हती. त्या माणसांना अडचण आलीच होती, पण तिच्यात धास्तीचा वाटा मोठा होता. गोळीबरोबरचा बारीक अक्षरांतला कागद वाचताना हे ध्यानात असावं. लोल आणि लघवीच्या गोळ्यांनी ही अडचण खरोखर येऊही शकते, मग लाज न बाळगता विचारावं. सार्टनसारखा पर्याय असतो.

तराजूचं दुसरं पारडं

हा सगळा त्रास कशासाठी घ्यायचा? अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांनी खालचा दाब 115 ते 129 असलेल्या 143 पुरुषांपैकी काहींना औषध आणि उरलेल्यांना निव्वळ दिखाऊ गोळ्या दिल्या. 1967 मध्ये निकाल छापला: दिखाऊ गोळ्यांच्या गटात 27 गंभीर घटना, औषधाच्या गटात 2. त्या औषधांत रेसरपिनही होतं. 2016 मध्ये सहा लाखांहून जास्त लोकांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा दिसलं की वरचा दाब 10 नं उतरला की पक्षाघात 27 टक्क्यांनी आणि हृदय निकामी होणं 28 टक्क्यांनी घटतं. टळलेला पक्षाघात कुणाला दिसत नाही आणि सुजलेला पाय रोज दिसतो, म्हणून मनातला तराजू नेहमी एकाच बाजूला झुकतो.

त्रास कमी करण्याचा सर्वांत उपयोगी मार्ग म्हणजे एका औषधाचा डोस वाढवत नेण्याऐवजी दोन औषधं थोड्या डोसात घेणं. निम्म्या डोसात दाब उतरवण्याची ताकद साधारण पाचव्या हिश्शानंच घटते, पण बहुतेक कुळांतले दुष्परिणाम त्याहून कितीतरी जास्त घटतात. याला प्रिलचा खोकला अपवाद. तो डोसावर अवलंबून नसतो, तिथे गोळीच बदलावी लागते. सकाळी घ्यावी की रात्री, यावर ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास 2022 मध्ये आला: झटके, पक्षाघात टाळण्यात फरक नाही. आठवणीनं घेतली जाईल ती वेळ बरी.

काही त्रास आपणच ओढवून घेतो. गुडघेदुखीसाठी केमिस्टकडून परस्पर आणलेलं डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन दाब चढवतं. सार्टन आणि लघवीच्या गोळीच्या जोडीला ते आलं की मूत्रपिंडावर तिहेरी मार बसतो. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात अंगातलं पाणी आटलं किंवा निर्जळी उपवास धरला, तर नेहमीचा डोसही जड होतो. अशा वेळी कोणती गोळी थांबवायची हे आधीच विचारून ठेवावं. उठल्यावर गरगरत असेल तर बसून एकदा आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी दाब मोजावा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर ते डॉक्टरांना कळायलाच हवं.

आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणारे पुष्कळ. तो आकडा गोळीनंच आणलेला असतो. वजन आणि मीठ कमी झाल्यावर काहींचा डोस खरोखर उतरतो, पण तो डॉक्टरांनी, मोजत मोजत उतरवायचा असतो. गोळी सोसत नाही असं वाटलं तर एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: गोळी कधी सुरू झाली, त्रास कधी सुरू झाला, आठवड्याभरातले घरचे आकडे, आणि घेत असलेली बाकीची सगळी औषधं, आयुर्वेदिक चूर्णं आणि दुखण्याच्या गोळ्यांसकट. हा कागद पुढे ठेवला, तर 'सोसत नाही' या मोघम तक्रारीतून नेमका धागा डॉक्टरांच्या हाती लागतो. बहुतेकदा डोस निम्मा करून किंवा दुसऱ्या कुळातली गोळी देऊन काम भागतं, आणि उपचार न सोडता त्रास सुटतो.